जनुक संपादन, मानवी

पेशीतील डीएनएला नेमक्या जागी छेद देऊन तेथील जनुक निकामी करण्याच्या किंवा दुरुस्त करण्याच्या तंत्राला जनुक संपादन म्हणतात. झिंक फिंगर, टॅलेन या आधीच्या पद्धतींत प्रत्येक जागेसाठी नवे प्रथिन घडवावे लागे. क्रिस्पर-कॅस९ मध्ये छेद देणारे कॅस९ हे प्रथिन तेच राहते, त्याला जागा दाखवणारा आरएनए तेवढा बदलतो.

या पद्धतीच्या श्रेयाबद्दल एकवाक्यता नाही. ओसाका विद्यापीठातील इशिनो व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ई. कोलाय जीवाणूत ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारे डीएनएचे क्रम (यांनाच पुढे ‘क्रिस्पर’ हे नाव मिळाले) नोंदवले, परंतु त्यांचे प्रयोजन तेव्हा उलगडले नव्हते. त्यांच्या मधले तुकडे विषाणूंच्या डीएनएशी जुळतात, हे स्पेनमधील मोहिका यांनी व स्वतंत्रपणे इतर गटांनी २००५ च्या सुमारास दाखवले. ही जीवाणूंची प्रतिकारयंत्रणा असल्याचा प्रायोगिक पुरावा २००७ मध्ये मिळाला, तोही दह्याच्या विरजणात वापरल्या जाणाऱ्या जीवाणूत. डाउडना व शार्पांत्ये यांनी २०१२ मध्ये या यंत्रणेचे छेदनसाधन केले आणि त्यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मात्र लिथुएनियाचे शिक्श्निस त्याच वर्षी जवळपास त्याच निष्कर्षाला पोहोचले होते, आणि मानवी पेशींतील वापर २०१३ च्या आरंभी झांग व चर्च यांच्या गटांनी प्रसिद्ध केला. एकच जनक मानण्यापेक्षा ही टप्प्याटप्प्याने झालेली उकल मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

नीतिविचारात कायिक पेशींतील (प्रजननाशी संबंध नसलेल्या शरीरपेशींतील) बदल रुग्णापुरता राहतो, भ्रूणातील बदल मात्र वंशात उतरू शकतो, हा भेद मुख्य मानला जातो. चीनमधील हे जियानकुई यांनी सीसीआर५ (एचआयव्हीला पेशीत शिरण्यास उपयोगी पडणारे प्रथिन घडवणारे) जनुक बदललेल्या भ्रूणांतून जुळ्या मुली जन्मल्याचे २०१८ मध्ये जाहीर केले. पुढील वर्षी त्यांना तीन वर्षांची कैद झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वंशात उतरणाऱ्या संपादनाला भारतात मनाई आहे.

नाशिक जिल्ह्यात या विषयाचा संबंध सिकलसेलशी, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराशी येतो. ब्रिटन व अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मान्य झालेल्या कॅसजेवी या क्रिस्पर-आधारित उपचारात बीटा-ग्लोबिनमधील (हीमोग्लोबिनचा एक घटक घडवणाऱ्या जनुकातील) मूळ दोष तसाच राहतो. रुग्णाच्याच मूलपेशींत बीसीएल११ए या गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन दाबून ठेवणाऱ्या जनुकाचा नियंत्रक भाग निकामी करून ते हीमोग्लोबिन पुन्हा वाढवले जाते. अरब-भारतीय प्रकारच्या सिकलसेलमध्ये हे हीमोग्लोबिन मुळातच अधिक आढळते, त्यामुळे परदेशी चाचण्यांचे निष्कर्ष येथे जसेच्या तसे लावणे घाईचे होईल. शिवाय उपचारापूर्वी तीव्र रसायनोपचार द्यावे लागतात, आणि अमेरिकेतील जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे. सुरगाणा, पेठ, कळवण यांसारख्या आदिवासी तालुक्यांत तूर्त भर आहे तो रक्ततपासणी, हायड्रॉक्सियुरिया हे औषध व विवाहपूर्व समुपदेशनावर. तपासणीत वाहकाची (जनुकाची एकच प्रत सदोष असलेल्याची) नोंद ‘एएस’, तर दोन्ही प्रती सदोष असलेल्या रुग्णाची ‘एसएस’ अशी होते. दोन एएस व्यक्तींच्या प्रत्येक अपत्यास एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते.