रुखवत

रुखवत म्हणजे महाराष्ट्रीय लग्नात वधूपक्षाकडून मांडले जाणारे फराळाचे पदार्थ, हाताने केलेल्या शोभेच्या वस्तू आणि नव्या संसाराची भांडी. या सगळ्याच्या मांडणीलाही रुखवतच म्हणतात. मूळ अर्थ फराळापुरता होता. वधूच्या घरून ताटे आणि दुरड्या भरून वराकडे पदार्थ जायचे, वरचे वस्त्र बाजूला करून रुखवत ‘उघडले’ जायचे, आणि त्या वेळी दोन्हीकडच्या बायका एकमेकींना चिमटे काढणारी गाणी म्हणायच्या. आज मुंबईत फराळ टेबलाच्या एका कडेला गेला आहे आणि मधली जागा कलाकुसरीने घेतली आहे. तरीही लाडू-करंजीशिवायचे रुखवत घरातल्या मोठ्यांना अपुरेच वाटते, आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

या शहरात रुखवताची खरी कसोटी ते तयार झाल्यावर लागते. दोन खोल्यांच्या घरात महिना-दीड महिना ते पलंगाखाली किंवा कपाटावर राहते. किनाऱ्यावरची दमट हवा डिंक, साखर, धान्य आणि पुठ्ठा या चौघांनाही त्रास देते. मग ते टॅक्सीतून हॉलवर जाते, आणि हॉल अर्ध्या दिवसाचा असेल तर मांडायला तासभरही मिळत नाही. म्हणून प्रत्येक वस्तूचे माप, सांधा आणि वजन या शेवटच्या तासाचा विचार करून आधीच ठरवावे लागते.

काय मांडतात

सप्तपदी, तुळशीवृंदावन, रहाटाची विहीर, जाते, बैलगाडी, सुपारीचे नवरा-नवरी आणि भटजी, अंतरपाट धरलेला लग्नाचा देखावा, नऊवारी नेसवलेली बाहुली, सजवलेले नारळ, धान्याची चित्रे, मण्यांची तोरणे, क्रोशाचे रुमाल आणि पितळी भातुकली या नेहमीच्या वस्तू. कोळीवाड्याजवळच्या घरांना होडी आणि जाळेही शोभते. सहा फुटी टेबलावर अकरा ते तेरा वस्तू पुरतात. त्याहून जास्त मांडल्या की एकही नीट दिसत नाही.

भांड्यांच्या निमित्ताने रुखवतात मोठ्या किमतीच्या वस्तू शिरतात, तिथे हे रुखवत राहत नाही. मागून किंवा दबावाने घेतलेली वस्तू १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली येते. स्वखुशीने दिलेल्या भेटींचीही यादी ठेवावी, असे १९८५ चे नियम सांगतात.

सामान

लेस, गोटा, मोती, टिकल्या आणि लटकन भुलेश्वरच्या गल्ल्यांत मिळतात. कार्डपेपर, रंग, डिंक आणि शोभेचे सुटे सामान अब्दुल रेहमान स्ट्रीटला मिळते. ही गल्ली क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे १८६९ साली उघडलेल्या आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या जवळच आहे. कापडासाठी मंगलदास मार्केट. बाहुल्यांच्या साड्यांसाठी खण घ्यायचा असेल तर विणकामाचा, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा घ्यावा. छापील नकली खणाच्या कापलेल्या कडा लवकर सुटतात आणि बाहुलीच्या मापाच्या निऱ्या त्यात बसत नाहीत. ताजी फुले आणि आंब्याचे टहाळे लग्नाच्या दिवशी पहाटे दादर पश्चिमेच्या मीनाताई ठाकरे फूल मंडईतून आणावेत. आदल्या संध्याकाळी आणलेला झेंडू दडपून राहिला की देठाकडून काळा पडतो.

सुपारीची जोडी

पाहुण्यांची नजर सगळ्यात जास्त वेळ खिळते ती सुपारीच्या जोडीवर, आणि सगळ्यात जास्त वेळा बिघडतेही तीच. गोल, अखंड सुपाऱ्या घ्याव्यात. एका बाहुलीला दोन लागतात, डोक्याला लहान आणि धडाला मोठी. पंचवीस सुपाऱ्या आणल्या तर मनासारख्या दहा-बारा निघतात. बारीक छिद्र दिसलेली सुपारी बाजूलाच ठेवावी, कारण आतली कीड महिन्याभरात भुसा पाडते आणि रंगवलेल्या चेहऱ्यातून बाहेर येते. उरलेल्या सुपाऱ्यांना दोन दिवस कडक ऊन द्यावे.

सुपारीचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, म्हणून दोन सुपाऱ्या जिथे टेकतात तिथे पॉलिश पेपरने खरखरीत करून घ्यावे. मुंडी गळते ती ही पायरी गाळल्यामुळे. सांध्याला घट्ट फेव्हिकॉल लावावा, वाटीतल्या तांदळात बाहुली उभी रोवावी आणि रात्रभर हात लावू नये. ग्लू गनने हेच काम मिनिटात होते, पण तो डिंक गुळगुळीत जागेवरून पापुद्र्यासारखा सुटतो, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत मऊ पडतो. कपडे चिकटवायला तो चालतो, मान जोडायला नाही.

चेहरा कपड्यांच्या आधी रंगवावा. आधी पांढऱ्याचा एक हात द्यावा, तो वाळल्यावर अंगाचा रंग द्यावा आणि शेवटी शून्य नंबरच्या ब्रशने डोळे काढावेत. दोन्ही डोळ्यांच्या जागा पेन्सिलीने आधी खुणावल्या नाहीत तर दुसरा डोळा हमखास वर जातो. फेट्याला एक सेंटिमीटर रुंदीची साटीनची फीत वीत-सव्वा वीत पुरते. साडीसाठी खणाची दोन इंची पट्टी घ्यावी, तिच्या पाच-सहा बारीक निऱ्या घालून आधी इस्त्रीने बसवाव्यात आणि मगच धडाला लावाव्यात. थेट धडावर निऱ्या घालायला गेले की डिंक कापडातून वर येतो आणि डाग उरतो.

सप्तपदी आणि धान्यकाम

सप्तपदी एका लांब फळीवर करू नये. मुंबईच्या टॅक्सीत डिकीची बरीचशी जागा सीएनजीच्या टाकीने घेतलेली असते आणि चार फुटी फळी मागच्या सीटवरही आडवी बसत नाही. हार्डबोर्डचे सहा इंची सात चौकोन कापून घ्यावेत. मध्ये दीड-दीड इंच सोडून मांडले की एकूण लांबी सव्वाचार फूट होते. प्रत्येकाच्या मागे क्रमांक लिहावा, म्हणजे हॉलवर घाईत पाचवे पाऊल तिसऱ्याच्या जागी जात नाही.

सातही चौकोनांना मिळून अर्धा किलो तांदूळ पुरतो. साधारण सत्तर ग्रॅमचा एक वाटा घ्यावा. दोन चिमटी खाण्याचा रंग एक चहाचा चमचा पाण्यात विरघळवून तांदळाला चोळावा आणि वर्तमानपत्रावर एकाच थरात सावलीत पसरावा. पाणी याहून जास्त झाले की दाण्याला भेगा पडतात आणि पीठ सुटून रंग फिका दिसतो. हिवाळ्यात चार तासांत काम होते. मे-जूनमध्ये पंख्याखाली रात्र काढावी लागते. अर्धवट वाळलेला तांदूळ डबाबंद केला तर त्याला वास येतो.

आधी पावलांच्या जोडीचा आकार पांढऱ्या तांदळाने भरावा, तो पूर्ण वाळू द्यावा, मगच भोवतालचा रंगीत भाग घ्यावा. एका वेळी तीन इंचांपेक्षा जास्त जागेत डिंक पसरू नये, पंख्याखाली त्यावर साय धरते आणि दाणे नुसते वर बसतात. तांदूळ टाकून वाटीच्या बुडाने हलके दाबावा, पंधरा मिनिटांनी चौकोन तिरका करून सुटे दाणे झटकावेत आणि चोवीस तास आडवाच ठेवावा. फेव्हिकॉल ओला असताना पांढरा आणि वाळल्यावर पारदर्शक होतो. दाण्यांच्या फटीत पांढरे दिसते तोवर उभा करू नये, सगळे चित्र खाली घसरते.

डाळींच्या चित्रांनाही हीच रीत. बाह्यरेषा मोठ्या दाण्यांची, म्हणजे राजमा किंवा अख्ख्या उडदाची काढावी आणि आत मूगडाळ, मसूर, मोहरी भरावी. धान्य आधी मंद आचेवर तीन-चार मिनिटे कोरडे भाजून पूर्ण गार करावे, नाहीतर मांडणीच्या दिवशी चित्रातून टोके, म्हणजे धान्यातले किडे, चालू लागतात. मसूर मात्र जेमतेम गरम करावी, तिचा केशरी रंग भाजल्यावर उतरतो.

नारळ

शेंडी ठेवलेला, हलवल्यावर पाणी वाजणारा नारळ घ्यावा. शेंडी काढू नये. शुभकार्याला ती लागतेच, शिवाय डोळ्यांवरचे आवरण गेले की नारळ लवकर नासतो. बाकीचे तंतू पॉलिश पेपरने साफ केल्यावर बुडापासून शेंडीकडे गोल फिरवत लेस लावावी. एक इंची लेस दोन मीटर, अर्धा इंची साडेतीन मीटर लागते. प्रत्येक फेरा आधीच्यावर थोडा चढवावा. वरच्या निमुळत्या भागात लेस आपोआप उभी राहते, तिथे अर्ध्या-अर्ध्या इंचावर टाचून घ्यावी. हे काम लग्नाआधी आठवड्याभरात करावे. नारळाला तडा गेला तर पाणी झिरपून सगळी लेस पिवळी पडते. म्हणून एक जादा सजवून ठेवतात.

साखर आणि फराळ

साखरेचे तुळशीवृंदावन, कलश किंवा छोटी घरे साच्यातून काढतात. बारीक दाण्याची एक वाटी साखर घ्यावी आणि त्यात चमचा-दीड चमचा पाणी थेंबाथेंबाने मिसळावे. मुठीत दाबल्यावर ओल्या वाळूसारखी मूठ टिकली की पाणी पुरे झाले. साच्यात घट्ट दाबून लगेच ताटावर उपडे करावे आणि दहा-बारा तास वाळू द्यावे. पाणी जास्त झाले तर आकार ढासळतो, कमी झाले तर कडा सांडतात. पावसाळी हवेत साखरकाम करूच नये. ती हवेतली ओल ओढून पाझरते आणि खालचा कागद चिकट होतो. मुंग्यांसाठी परातीत पाणी घालून मध्ये वाटी उपडी घालावी आणि तिच्यावर ताट ठेवावे.

फराळात बेसन, रवा, बुंदी, मूग, डिंक असे लाडू, शिवाय करंज्या, अनारसे, चिरोटे, साटोऱ्या असतात. सीकेपी घरांत खाजाचे कानवले हवेतच. लाडवांची उतरंड रचायची असेल तर तळाला डिंकाचे किंवा बेसनाचे घट्ट लाडू घ्यावेत, रव्याचे खाली घातले तर वजनाने भुगा होतो. ज्या ताटात चिकटवायचा डिंक, चमक किंवा पोस्टर रंग लागला ते खाण्याचे नाही, हे मांडतानाच वेगळे ठेवून ठरवावे. मुले आधी हात तिकडेच नेतात.

मुंडावळ्या

मुंडावळ्या रुखवतात मोडत नाहीत, पण बहुतेक घरांत त्याच हातांनी होतात. चार मिलिमीटरचे मोती घ्यावेत. कपाळावरच्या दोन ओळी प्रत्येकी सोळा सेंटिमीटरच्या, म्हणजे चाळीस-चाळीस मोती. दोन्ही बाजूंच्या लोंबत्या सरी पस्तीस सेंटिमीटरच्या, म्हणजे प्रत्येकी सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी. एका जोडीला दोनशे छप्पन्न मोती लागतात, वधू-वर दोघांचे मिळून सव्वापाचशे मोजून आणावेत. मागे बांधायला दोन्हीकडे वीतभर दोरी सोडावी. तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, मजबूत असतो पण त्याची गाठ सरकते, म्हणून दुहेरी गाठ मारून तिच्यावर डिंकाचा थेंब टाकावा. सरी कपाळाच्या कडेला, कानशिलाच्या रेषेत जोडाव्यात. भुवईवर जोडल्या तर होमासमोर वाकताना डोळ्यांत येतात.

पुठ्ठा, थर्माकोल आणि विहीर

पूर्वी देऊळ, विहीर, वृंदावन हे सगळे थर्माकोलचे असायचे. महाराष्ट्र शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि काम पुठ्ठ्याकडे वळले. ते चांगलेच झाले, पुठ्ठा खिळ्या-टाचण्यांशिवाय उभा राहतो आणि रंगही नीट धरतो. त्याची खोड एकच आहे. एका बाजूला ओल्या डिंकाने कागद चिकटवला की वाळताना तो कागद आक्रसतो आणि पुठ्ठा त्या बाजूला वाकतो. दोन्ही बाजूंना कागद लावावा, वर वह्या-पुस्तकांचे ओझे ठेवून रात्रभर दाबावे. विहिरीचा गोल कठडा करताना पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्या याव्यात. त्या आडव्या आल्या तर वळण न येता घड्या पडतात.

ने-आण आणि मांडणी

उंच वस्तू दोन तुकड्यांत कराव्यात आणि हॉलवर जोडाव्यात. सुपारीच्या बाहुल्या पाटाला दुहेरी टेपने चिकटवून पाटासकट खोक्यात ठेवाव्यात, सुट्या गुंडाळल्या तर फेटे सुटतात. खोक्यावर आतल्या वस्तूचे नाव आणि टेबलावरची जागा लिहावी. सोबत एक पिशवी दुरुस्तीची हवी. तिच्यात डिंक, कात्री, दुहेरी टेप, सुई-दोरा, मूठभर सुटा रंगीत तांदूळ, ओले फडके आणि प्रत्येक रंगाची थोडी लेस असावी.

मागच्या ओळीला कापडाखाली उपडी खोकी ठेवून सहा इंचांची पायरी द्यावी. टेबलावर गडद, बिननक्षीचे कापड घालावे, जरीच्या साडीवर मांडले की धान्याचे बारीक काम हरवते. पंख्याच्या झोतात आणि एसीच्या थेट हवेखाली टेबल घेऊ नये, रांगोळी आणि सुटी अक्षता दोन्ही उडतात.

लग्नानंतर फराळ वराकडे जातो. नारळाची लेस सोडवून आठवड्याभरात नारळ फोडावा. सुपारीची जोडी आणि भातुकली काचेच्या कपाटात वर्षानुवर्षे टिकते. धान्यचित्र पहिला पावसाळा येण्याआधी काचेच्या चौकटीत बंद करून मागे कागदी टेप लावली तरच टिकते, नाहीतर जुलैत त्याला बुरशी येते.