सलग दिवस की सवयीची ताकद? हॅबिट ट्रॅकरमधले दोन आकडे

हॅबिट ट्रॅकर, म्हणजे रोजच्या सवयींची नोंद ठेवणारं ॲप, वापरून मुरलेली माणसं नवीन ॲप शोधायला लागली की आधी विजेट, डार्क थीम आणि वर्षाचे पैसे बघतात. सवयीच्या नावापुढे दिसणारा आकडा नेमकं काय मोजतो, हे फारसं कोणी विचारत नाही. तो बहुधा दोनपैकी एक असतो. एक स्ट्रीक, म्हणजे खंड न पडता सलग किती दिवस झाले. दुसरा स्कोअर, म्हणजे सवय आज किती पक्की आहे याची टक्केवारी. रोज टिक केलं की दोन्ही वाढतात, त्यामुळे सुरुवातीला ते एकच वाटतात. पहिला खाडा पडला की खरं रूप दिसतं.

समजा, कोणी नागपुरात अंबाझरी तलावावर सलग ६० दिवस सकाळी फिरायला गेलं आणि ६१व्या दिवशी घरी पाहुणे आले म्हणून राहिलं. स्ट्रीक ६० वरून थेट शून्यावर येते. अँड्रॉइडवरच्या लूप हॅबिट ट्रॅकरमध्ये मात्र याच माणसाचा स्कोअर ९६ टक्क्यांवरून साधारण ९१ वर येतो. लूपचं गणित उघड आहे, कारण ॲप ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कोणीही वाचू शकतं: स्कोअर ० ते १ धरला तर रोजच्या सवयीसाठी कालचा स्कोअर गुणिले ०.९४८, आणि आज केलं असेल तर त्यात ०.०५२ ची भर. जुन्या दिवसाचं वजन दर १३ दिवसांनी निम्मं होतं. शून्यापासून रोज केलं तर महिन्याभरात ८० टक्के, दोन महिन्यांत ९६, तीन महिन्यांत ९९. आठवड्यातून एकदाच करायच्या सवयीला हेच निम्मं व्हायला साधारण ३४ दिवस लागतात, म्हणजे तिचा आकडा सावकाश चढतो आणि सावकाशच उतरतो.

‘गेल्या ३० दिवसांत किती टक्के’ या साध्या टक्केवारीशी याची गल्लत करू नका. तिथे महिन्याच्या पहिल्या तारखेला आणि कालच्या दिवसाला सारखाच मान असतो. स्कोअर हा बॅट्समनच्या सरासरीपेक्षा त्याच्या फॉर्मसारखा आहे. अलीकडच्या डावांना जास्त भाव.

मग स्कोअरच चांगला का? सवय लावायची असेल तर माझं मत त्याच बाजूला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता. एखादी कृती आपोआप होऊ लागायला मध्यक ६६ दिवस लागले, पण माणसामाणसात १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. स्ट्रीक नेमकं याच्या उलट सांगते. त्यातून रात्री ११:५५ ला पलंगाशेजारी चार पुशअप मारून टिक करणं, किंवा दुसऱ्या दिवशी हळूच मागची तारीख भरणं सुरू होतं. पाच टक्क्यांसाठी खोटं बोलायला कोणी जात नाही. ६० दिवस वाचवायला मात्र भले भले जातात.

पण खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, सोडायचा असेल तर? नागपुरात ट्रॅकर उघडायला हे एक कारण पुरेसं आहे, राजेहो. ‘माझा खर्रा ९१ टक्के सुटला’ या वाक्याला पानठेल्यावरही कोणी विचारणार नाही. जिथे एका पुडीने परत सगळं सुरू होऊ शकतं, तिथे ‘शेवटचा कधी खाल्ला’ हाच प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर स्ट्रीकच देते. थोडक्यात, एकाच माणसाला दोन सवयींसाठी दोन वेगळे आकडे लागू शकतात. लूपमध्ये दोन्ही आहेत: यादीत स्कोअर, आतल्या पानावर स्ट्रीक. आयफोनवरचं स्ट्रीक्स हे नावाप्रमाणे सलग दिवसांभोवती बांधलेलं आहे, आणि ॲपलच्या हेल्थमधून पावलं वगैरे आपोआप उचलतं. हॅबिटिका या खेळासारख्या ॲपमध्ये डेली (रोजचं काम) चुकली की पात्राचा जीव घटतो आणि कामाचा रंग लालकडे सरकतो. हा रंग म्हणजे खेळाच्या वेषातला स्कोअरच.

आता आपला मे महिना. पारा ४५ च्या आसपास असताना संध्याकाळी पाचला धावायला जा असं कोणतंही शहाणं ॲप म्हणणार नाही. अशा वेळी स्किप लागतो, म्हणजे ‘आज सूट’ अशी खूण. लूपमध्ये तो सेटिंगमधून सुरू करता येतो; स्किप केलेल्या दिवशी स्कोअर जागचा हलत नाही आणि स्ट्रीकही तुटत नाही. सोय चांगली, पण निसरडी. अख्खा मे स्किप केला तर जूनमध्येही ९६ टक्के दिसतील, आणि पाय वेगळंच सांगतील. एखाद दिवसाची उष्णतेची लाट असेल तर स्किप, महिन्याचा प्रश्न असेल तर सवयीची वेळ पहाटेवर आणणं बरं.

नागपूरच्या मिहान या उद्योग-आयटी पट्ट्यात उशिराच्या शिफ्टला असणाऱ्यांनी आणखी एक बघावं: दिवस किती वाजता बदलतो. रात्री एकला घरी येऊन केलेलं वाचन मध्यरात्रीच्या नियमाने उद्याच्या खात्यात जातं, आणि दोन्ही आकडे बिघडतात. लूपमध्ये नवीन दिवस पहाटे तीनपर्यंत लांबवता येतो.

तरीही निवडीचा निर्णय मी आकड्यावर नव्हे, नोंदीवर घेईन. तारीखवार कच्ची नोंद हाती असेल तर वरचं सूत्र स्प्रेडशीटमध्ये टाकून स्कोअर काढता येतो, स्ट्रीकही काढता येते. नुसत्या ‘६०’ या आकड्यावरून मात्र मागचे खाडे परत शोधता येत नाहीत. लूप सीएसव्ही (स्प्रेडशीटमध्ये उघडणारी) फाइल देतं, हॅबिटिकाही देतं. लूपची नोंद फोनमध्येच राहते, तेव्हा बॅकअप स्वतः घ्यावा लागतो, आणि आयफोनसाठी ते नाही. इतर कोणतंही ॲप असेल तर पैसे भरण्याआधी त्यात आठ-दहा दिवसांची लटकी नोंद भरा, मध्ये दोन खाडे आणि एक स्किप ठेवा, मग फाइल बाहेर काढून बघा: खाडा आणि स्किप त्यात वेगवेगळे दिसतात का?