गोळ्या, अंघोळ आणि फाटकापाशी एक खुर्ची : सेवाकार्यामागचा नागपूर परिसराचा इतिहास

नागपुरात म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी केअरटेकर ठेवणारी घरं आता जवळपास प्रत्येक वस्तीत आहेत. कामाचं बोलणं होतं तेव्हा गोळ्यांच्या वेळा, बीपी, डायपर, अंघोळ एवढं ठरतं. आजोबांना ऊन कललं की फाटकापाशी खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी दोन शब्द बोलायचे असतात, हे घरचे सांगत नाहीत आणि येणारी मावशीही विचारत नाही. माणसाची गरज नेमकी कशाला म्हणायची, हा प्रश्न या भागात फार जुना आहे.

१८६४ साली नागपुरात मनोरुग्णालय सुरू झालं. त्या वेळच्या, मनोरुग्णांविषयीच्या १८५८ च्या कायद्याला रुग्णाच्या सुखापेक्षा त्याच्या बंदोबस्ताची काळजी जास्त होती. जेवण, छप्पर आणि कुलूप. १९१२ चा कायदा आला तरी चौकट फारशी बदलली नाही.

वेगळी वाट दिसते ती १९२१ मध्ये. कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी मातृसेवा संघ उभा केला. कमलाताई स्वतः बालविधवा. परिचारिका आणि सुईणीचं शिक्षण घेऊन त्या या कामात उतरल्या. कोंदट, अंधाऱ्या खोलीत होणारी बाळंतपणं त्या काळी बायकांच्या जिवावर बेतत. पण दवाखाना आहे म्हणून बाई तिथे येतेच असं नाही; भीती, लाज, घरच्यांची परवानगी हे सगळं आड येतं. आपल्यासारखीच मराठी बोलणारी, विश्वासाची बाई समोर असणं हीसुद्धा आरोग्यसेवाच होती. संघाचं काम पुढे बाळंतपणापलीकडे वाढत गेलं आणि १९५८ मध्ये त्यांनी समाजकार्याचं महाविद्यालय काढलं. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. आधी हात कामाला लागले, शास्त्र नंतर शिकवलं गेलं.

नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवरच्या सेवाग्रामात १९३९ मध्ये संस्कृत पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोग घेऊन आले. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं, स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश केलं. त्यांच्यासाठी बांधलेली कुटी आजही तिथे पाहता येते. गांधीजी एवढ्यावर थांबले नाहीत. याच शास्त्रीबुवांनी आश्रमातल्या लग्नात पौरोहित्य केलं. ज्याची सावलीही लोक टाळत, त्याच्या हातून मंगलकार्य! ही गोष्ट कुठल्याही औषधाच्या यादीत बसत नाही, पण त्या माणसाला तिची गरज होती. पुढे बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन वसवलं, ते शेती आणि श्रमाच्या आधारावर. रोग बरा झालेल्या माणसालाही घर, काम आणि मान लागतो, हे तिथे रोजच्या जगण्यातून दिसलं.

याच काळात जगातही विचार बदलत होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मॅस्लो यांनी १९४३ मध्ये गरजांची उतरंड मांडली : अन्न-पाणी, सुरक्षितता, आपुलकी, मान आणि स्वतःतल्या शक्तींना वाव. वर्गात शिकवला जातो तो त्रिकोण त्यांच्या मूळ लेखात नाही, आणि ही उतरंड ताठर नाही हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. तरी 'आधी पोट, मान नंतर' असा तिचा सोयीचा अर्थ काढला जातो, तो चुकीचा आहे. १९४६ मध्ये भारतातल्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने आरोग्याचा संबंध पोषण, घर आणि स्वच्छतेशी जोडला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत आरोग्य म्हणजे केवळ आजार नसणं नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य, ही व्याख्या आली. ती घटना ७ एप्रिल १९४८ ला लागू झाली.

आपल्या कायद्याला हे पचायला बराच वेळ लागला. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ मध्ये लागू झाला. घरचे नेत नाहीत किंवा राहायला जागा नाही, एवढ्याच कारणाने कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असं तो सांगतो. अशा माणसांसाठी वस्तीत राहण्याची सोय करणं ही सरकारची जबाबदारी आहे. बरं होऊनही घरच्यांची वाट पाहत वॉर्डातच राहिलेल्या माणसांचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.