कोबीला पाणी का सुटतं?

थंडी सुरू झाली की ठाण्याच्या जांभळी नाक्यावर कोबीचे ढीग लागतात. नाशिक आणि पुणे जिल्ह्यांतले ट्रक रात्रीतून तुर्भ्याच्या एपीएमसीत रिकामे होतात आणि उजाडेपर्यंत तोच माल वाशी, ऐरोली, कळव्याच्या हातगाड्यांवर येतो. या दिवसांत इतकी स्वस्त, टिकाऊ आणि चार जणांना पुरून उरणारी दुसरी भाजी मिळणं अवघड. तरीही डब्यात कोबी निघाला की अनेकांचा चेहरा पडतो. तक्रारी दोनच असतात: भाजी पचपचीत झाली, आणि तिला वास येतो. दोन्हींचं मूळ कोबीच्या पेशींत आहे. ते नीट समजलं तर उपायाला एक पैसाही जास्त लागत नाही.

आधी पाण्याचं बघू. १०० ग्रॅम कोबीत सुमारे ९२ ग्रॅम पाणी असतं. म्हणजे अर्धा किलो चिरलेल्या कोबीबरोबर आपण कढईत साधारण ४६० ग्रॅम पाणी टाकत असतो, फक्त ते दिसत नाही. पानाची प्रत्येक पेशी पाण्याने टम्म भरलेल्या फुग्यासारखी असते आणि त्या दाबामुळेच ताजा कोबी चावताना कुरकुरीत लागतो. हे पाणी दोन कारणांनी बाहेर पडतं. पहिलं मीठ. पेशीबाहेर खारट द्रावण तयार झालं की परासरणाने आतलं पाणी पटलातून बाहेर ओढलं जातं. दुसरं कारण उष्णता. तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की पेशीपटलं निकामी होतात आणि पाणी अडवून धरणारं काही उरत नाही.

म्हणून खरा प्रश्न असा की सुटलेलं पाणी कढईतून किती वेगाने उडून जातं. थोडा हिशेब करू. उकळत्या तापमानाला आलेल्या १ ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० ज्यूल उष्णता लागते. मोठ्या आचेवर कढईपर्यंत १ किलोवॉट उष्णता पोचते असं धरलं, तर मिनिटाला साधारण २६ ग्रॅम पाणी उडतं. अर्धा किलो कोबीतून १५० ग्रॅम पाणी उडवायचं असेल तर सहा मिनिटांच्या आत काम होतं. हीच आच मंद करून ३०० वॉटवर आणली, तर मिनिटाला जेमतेम ८ ग्रॅम पाणी उडेल आणि त्याच कामाला १९ मिनिटं लागतील. तेवढा वेळ कोबी स्वतःच्याच पाण्यात शिजत राहतो. वर झाकण असेल तर वाफ झाकणाला लागून थंड होते आणि थेंबांच्या रूपात परत भाजीत पडते. गवारीला किंवा फरसबीला ताटलीत पाणी ठेवून झाकण घालतात ते योग्यच आहे, कारण त्यांना बाहेरून ओलावा लागतो. कोबीला ती गरज नाही. सवयीने इथेही झाकण पडतं आणि भाजी बिघडते.

आता वास. कोबी मोहरीच्या कुळातला आहे. फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली तर त्याच्याच जातीचे. या कुळातल्या झाडांमध्ये गंधकयुक्त ग्लुकोसिनोलेट एका जागी आणि मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) दुसऱ्या जागी साठवलेलं असतं. अळीने पान कुरतडलं किंवा सुरीने चिरलं की दोन्ही एकत्र येतात आणि आयसोथायोसायनेट नावाची झणझणीत रसायनं तयार होतात. हे झाडाचं संरक्षण आहे. कच्च्या कोबीचा हलका तिखटपणा आणि फेसलेल्या मोहरीचा नाकात जाणारा झटका, दोन्ही याच रसायनांचे. शिजवल्यावर मायरोसिनेज नष्ट होतं आणि तिखटपणा जातो. फोडणीत तडतडलेली मोहरी तिखट लागत नाही त्याचंही कारण हेच.

शिजलेल्या कोबीचा उग्र वास मात्र वेगळा. कोबीतली गंधकयुक्त संयुगं जास्त वेळ तापली की त्यांचं विघटन होऊन हायड्रोजन सल्फाइड आणि डायमिथाइल ट्रायसल्फाइडसारखे वायुरूप पदार्थ सुटतात. हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याचा वास. शिजवण्याचा वेळ वाढतो तशी ही संयुगं वाढत जातात, आणि झाकण असेल तर ती बाहेरही जात नाहीत. पानांतली आम्लंही झाकणाखाली अडकतात आणि हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम काढून टाकतात. त्यामुळे हिरवी पानं शेवाळी, मळकट होतात. रंग टिकावा म्हणून चिमूटभर सोडा घालण्याची सवय काही घरांत आहे. सोड्याने रंग टिकतो खरा, पण पेशीभित्ती विरघळून कोबीचा लगदा होतो आणि क जीवनसत्त्वही जातं. सोडा घालूच नये.

तेव्हा साध्या भाजीची रीत अशी. अर्धा किलो कोबी तीन-चार मिलिमीटर जाडीचा, सारखा चिरा. विळीवर असो वा सुरीने, जाडी सारखी हवी, कारण बारीक आणि जाड तुकडे एकत्र असतील तर जाड शिजेपर्यंत बारकांचा गाळ होतो. पाव वाटी चणाडाळ दोन तास भिजवून वेगळी शिजवून घ्या. बोटांनी दाबल्यावर फुटावी, पण आकार टिकावा. डाळ कोबीबरोबर कच्ची टाकली तर ती शिजेपर्यंत कोबीची वीस मिनिटं होतात, आणि मग वास येणारच. कढई पसरट घ्या. दोन मोठे चमचे तेल चांगलं तापवून अर्धा चमचा मोहरी, पाव चमचा हिंग, कढीपत्ता, तीन-चार हिरव्या मिरच्या आणि पाव चमचा हळद. फोडणी झाली की कोबी घाला, आच मोठीच ठेवा आणि दर अर्ध्या मिनिटाने तळापासून वर परता. पाच मिनिटांनी डाळ, आणखी दोन मिनिटांनी मीठ. एकूण सात-आठ मिनिटं. शेवटी ओलं खोबरं आणि कोथिंबीर.

मीठ शेवटी घालण्याचा आणखी एक फायदा आहे. कच्च्या कोबीचा ढीग बघून मीठ घातलं की ते हमखास जास्त पडतं, कारण भाजी शिजून निम्म्यावर येते. अर्ध्या किलोला पाऊण लहान चमचा पुरतो. लिंबूसुद्धा गॅस बंद केल्यावरच पिळावं. आम्लामुळे पेशींना जोडणारं पेक्टिन लवकर विरघळत नाही, आणि आधी लिंबू किंवा टोमॅटो घातला तर कोबी शिजायला वेळ घेतो. कढई लहान असेल तर भाजी दोन भागांत परतावी. गच्च भरलेल्या कढईत खालच्या थरातली वाफ वरच्या थरात अडकून पाणी होते आणि परत खाली येत राहते आणि परतण्याऐवजी भाजी वाफवली जाते.

काही पदार्थांत हेच पाणी उपयोगी पडतं, आणि तिथे सगळे नियम उलटे होतात. पीठ पेरून केलेला कोबी घ्या. ३०० ग्रॅम कोबीला चार मोठे चमचे बेसन. बेसन आधी कोरडंच मंद आचेवर खमंग भाजून बाजूला ठेवा. फोडणीत कोबी घातल्याबरोबर मीठ घाला, म्हणजे पाणी भराभर सुटेल. तीन मिनिटांनी बेसन भुरभुरवा, हलवा आणि आता झाकण ठेवा. पिठातला स्टार्च सुटलेलं पाणी शोषून फुगतो आणि प्रत्येक पानाला चिकटून मोकळा, खमंग पदार्थ होतो. पीठ कोरडं, घशाला चिकटणारं राहिलं तर पाणी कमी पडलं आहे. झाकणाखाली पाण्याचा हबका मारून दोन मिनिटं थांबा.

कोबीच्या वड्यांमध्ये तर बाहेरचं पाणी जवळजवळ लागतच नाही. पाव किलो कोबी अगदी बारीक चिरून त्याला एक लहान चमचा मीठ चोळा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मग आलं-मिरचीचं वाटण, हळद, तीळ, ओवा, एक वाटी बेसन आणि दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ घालून सुटलेल्या पाण्यातच मळा. उंडे करून लगेच वाफवायला ठेवा. इथेच बहुतेकांचं चुकतं. मळलेला गोळा अर्धा तास तसाच राहिला की कोबी पाणी सोडत राहतो, गोळा सैल होतो, मग आणखी पीठ घातलं जातं आणि वडी दडदडीत होते. पंधरा ते अठरा मिनिटं वाफवा, पूर्ण गार होऊ द्या, मगच कापा. गार होताना स्टार्चचे रेणू पुन्हा जवळ येऊन घट्ट बसतात. गरम उंडा कापला तर त्याचा चुरा होतो. तळण्याऐवजी तव्यावर थोड्या तेलात परतल्या तरी वड्या उत्तम लागतात.

पचडीचं गणित अगदी सोपं आहे. चिरलेला कोबी बर्फाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवला की पाणी पेशींत शिरतं आणि मरगळलेला कोबीसुद्धा कुरकुरीत होतो. पाणी पूर्ण निथळून दाण्याचं कूट, लिंबू, साखर, मिरचीची फोडणी घाला आणि मीठ ताटात वाढण्याआधी पाच मिनिटं.

कच्चा कोबी म्हटलं की अळीची भीती निघते, आणि तिच्याबद्दल फार गैरसमज आहेत. पानांत दिसणारी हिरवी अळी बहुधा चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची असते. ती किळसवाणी वाटते, पण माणसाच्या शरीरात ती जगत नाही. मेंदूत गाठी करणारा पट्टकृमी हा वेगळाच प्राणी. ज्या माणसाच्या आतड्यात हा कृमी आहे त्याच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात आणि दूषित पाण्यातून किंवा मातीतून कुठल्याही भाजीवर पोचू शकतात. ही अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणजे अळी दिसली नाही म्हणून कोबी निर्धोक ठरत नाही, आणि दिसली म्हणून विषारीही ठरत नाही. बाहेरची दोन-तीन पानं काढून टाका, बाकीची सुटी करून वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी चोळून धुवा. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवल्याने अळ्या सुटून येतात, अंडी मात्र त्याने मरत नाहीत. चांगलं शिजवल्याने मरतात. गर्भवती स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कोबी शिजवूनच खावा. आणि धुणं नेहमी चिरण्याआधी. चिरून धुतलं तर क जीवनसत्त्व पाण्याबरोबर मोरीत जातं. १०० ग्रॅम कच्च्या कोबीत ते सुमारे ३६ मिलिग्रॅम असतं, ते का घालवायचं?

थायरॉइडच्या भीतीने कोबी बंद करणारेही आहेत. कोबीतली काही संयुगं आयोडीनच्या शोषणात अडथळा आणतात हे खरं, पण शिजवल्यावर त्यांचा परिणाम कमी होतो आणि आयोडीनयुक्त मीठ वापरणाऱ्या निरोगी माणसाने आठवड्यातून दोन-तीनदा भाजी खाल्ली तर काळजीचं कारण नाही. रक्त गोठू नये म्हणून वॉरफेरिन हे औषध घेणाऱ्यांनी मात्र कोबीचं प्रमाण अचानक वाढवू किंवा कमी करू नये, कारण कोबीत के जीवनसत्त्व भरपूर असतं. पोटात गॅस होतो तो रॅफिनोजसारख्या शर्करांमुळे. त्या लहान आतड्यात पचत नाहीत आणि मोठ्या आतड्यातले जीवाणू त्या आंबवतात.

डब्याचा प्रश्न वेगळा. सकाळी सातला कढईतून थेट डब्यात भरलेली भाजी दुपारी एकला उघडते. झाकण घट्ट लागल्यावर आतली वाफ पाणी होऊन भाजीवर पडते, गंधकाचे वायू कोंडून राहतात आणि गरम भाजी आतल्या आत शिजतही राहते. कढईत नीट झालेली भाजी अशी डब्यात बिघडते. परातीत दहा-पंधरा मिनिटं पसरून निववा, मग भरा.

विकत घेताना हातात जड लागणारा, दाबल्यावर न दबणारा गड्डा घ्या. देठाचा काप पांढरट असावा, तपकिरी नसावा. आपल्याकडच्या दमट हवेत तो ओट्यावर ठेवला तर वरची पानं लवकर कुजतात. कागदात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या खणात अख्खा गड्डा दोन आठवडे सहज राहतो. थोडाच कोबी हवा असेल तेव्हा गड्डा मधोमध कापण्यापेक्षा बाहेरून हवी तेवढी पानं सोडवा, म्हणजे कापलेली बाजू काळी पडत नाही. मधला दांडा फेकू नका. वरची धागेदार साल तासून तो किसला की थालीपिठाच्या पिठात मावतो, आणि पीठ भिजवायला लागणारं थोडं पाणीही त्यातूनच सुटतं.