फिनिक्सचं ऊन आणि परसातली कोंबडी

२०२३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात फिनिक्स शहरात ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशोबाने ४३ च्या वर गेला. याच शहरात कित्येक घरांच्या मागच्या अंगणात कोंबड्या आहेत आणि २०२४ मध्ये राज्याने कायदाच केला की स्वतंत्र घर असलेल्या माणसाला छोट्या प्लॉटवरही सहा कोंबड्या पाळता येतील, गावची नगरपालिका त्याला सरसकट बंदी करू शकत नाही (कोंबड्याला मात्र अजूनही मनाई करता येते, कारण पहाटेची बांग). मग साहजिक प्रश्न पडतो की एवढ्या उन्हात हा पक्षी टिकतो कसा, कारण मुळात हा वाळवंटातला नाहीच. कोंबडीचा पूर्वज लाल रानकोंबडा, तो भारतातल्या आणि आग्नेय आशियातल्या जंगलात, बांबूच्या बेटात सावली धरून राहणारा.

टिकते, पण त्याची किंमत मोजून टिकते, आणि ती किंमत नेमकी कुठे मोजली जाते हे कळलं की पाळणाऱ्याने काय करायचं ते आपोआप कळतं. म्हणून आधी शरीराचं बघू.

कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ ते ४२ अंश असतं, माणसापेक्षा चांगलं चारपाच अंशांनी जास्त. हवा २०-२५ ची असली की तिला काहीच करावं लागत नाही, तुरा, गळ्याखालची लाल लोंबती कातडी आणि उघडे पाय यातून उष्णता आपसूक बाहेर जाते. हवा तिशीच्या पुढे गेली की ती पंख अंगापासून लांब धरते, तुऱ्याकडे आणि पायांकडे जास्त रक्त सोडते, सावलीत माती उकरून खालच्या गार थराला पोट लावून बसते. पण हवा ४४ झाली की गणितच उलटं होतं. आता बाहेरची हवा तिच्या अंगापेक्षा गरम, म्हणजे उष्णता बाहेर जायच्या ज्या वाटा होत्या त्याच वाटांनी ती आत यायला लागते. घाम येत नाही, कारण घामाच्या ग्रंथीच नाहीत. उरते एकच वाट, चोच उघडून धापा टाकणं आणि घशातलं, श्वासनलिकेतलं पाणी वाफ करून उडवणं.

ही वाट किती भारी आहे ते बघा. एक ग्रॅम पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते त्याच्या जवळपास सात पट उष्णता तेच एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडताना घेऊन जातं. म्हणून कोंबडी मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा धापा टाकते, एरवी तिचा श्वास मिनिटाला पंचवीस-तीसच्या आसपास असतो.

आणि इथे वाळवंट तिच्या बाजूने उभं राहतं! जूनमध्ये फिनिक्सला दुपारी हवेतली आर्द्रता १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याच्याही खाली असते, अशा हवेत पाणी भराभर उडतं. नागपूर-अकोल्याकडच्या लोकांना हे समजवायला नको, मे महिन्यात कूलर जो गारवा देतो तो जुलैत देत नाही, कूलर तोच असतो पण हवा दमट झालेली असते. कोंबडीचा घसा हा असाच कूलर आहे. ॲरिझोनातही मान्सून असतो हे आपल्याकडे फार कुणाला माहीत नाही, १५ जून ते ३० सप्टेंबर हा त्याचा ठरलेला काळ, आणि त्यात जुलै-ऑगस्टच्या संध्याकाळी हवा जड होते, पारा ४०-४१ वरच असतो. पारा जूनपेक्षा खाली आलाय म्हणून माणूस निवांत होतो आणि कोंबडीला मात्र ते कोरड्या ४३ पेक्षा जड जातं, कारण तिची एकुलती एक वाट अडलेली असते. माझ्या मते या भागात कोंबड्या पाळणाऱ्याने थर्मामीटरच्या शेजारी आर्द्रता दाखवणारा मीटर लावलाच पाहिजे, नुसता पारा बघून अर्धीच गोष्ट कळते.

पाण्याचा फवारा मारणाऱ्या नळ्या लोक खुराड्याला लावतात, जूनमध्ये त्या खूप काम करतात, दमट संध्याकाळी त्याच नळ्या हवेत आणखी ओल भरतात, तेव्हा बंद करायच्या. पंख्याचंही तसंच आहे, हवा ४४ ची असताना कोरडा पंखा कोंबडीच्या अंगावर गरम हवाच फेकत राहतो, त्याच्यासोबत पाणी उडण्याची सोय हवी तरच उपयोग.

आता किंमतीचं. धापा टाकताना पाणी जातं तसा कार्बन डायऑक्साइडही जातो, गरजेपेक्षा खूप जास्त. तो गेला की रक्त अल्कधर्मी (आम्लाच्या उलट) होतं आणि रक्तातलं बायकार्बोनेट, म्हणजे कार्बन डायऑक्साइडपासूनच बनणारा क्षार, कमी होतं. अंड्याचं कवच हे जवळपास सगळंच कॅल्शियम कार्बोनेट असतं, त्यातलं कॅल्शियम खाण्यातून आणि हाडांतून येतं पण कार्बोनेट येतं ते या कार्बन डायऑक्साइडमधूनच. तो श्वासावाटे उडून गेला तर कवचाला घालणार काय? शिवाय रक्त अल्कधर्मी झालं की त्यातलं मोकळं, वापरता येणारं कॅल्शियमही घटतं. म्हणून उन्हाळ्यात कवच कागदासारखं पातळ होतं, कधी कधी तर कवच नसलेलं मऊ अंडंच घरट्यात सापडतं. लोक म्हणतात कोंबडीला कॅल्शियम कमी पडतंय, शिंपल्यांचा चुरा वाढवा. चुरा हवाच, पण नुसत्या चुऱ्याने हे भागत नाही, खरी अडचण श्वासात आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत संशोधकांनी गरमीत ठेवलेल्या लेगहॉर्न जातीच्या कोंबड्यांना साध्या पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइड मिसळलेलं पाणी, म्हणजे आपलं सोडावॉटर पाजून बघितलं आणि कवचं सुधारली! मला हा प्रयोग फार आवडतो, जे उडून जातंय तेच पाण्यातून परत द्यायचं. घरी कोणी सोडावॉटरच्या बाटल्या ओतत बसणार नाही हे खरं, पण श्वासाचा आणि कवचाचा संबंध त्याने पक्का कळला.

एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि ते कवच चढायला वीसेक तास जातात, त्यातलं बरंचसं काम रात्री चालतं. म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवायचा आणि संध्याकाळी भांडं भरलेलं असेल हे बघायचं.

खाण्याच्या वेळेचं पण असंच आहे. अन्न पचतानाही शरीरात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यावर काही तासांनी वाढत जाते, सकाळी दहाला पोटभर खाल्लं तर ती भर नेमकी भर दुपारी पडते. तेव्हा खाणं पहाटे उजाडताना आणि मग ऊन उतरल्यावर, दुपारी भांडं उचलून ठेवायचं. मका गरम पडतो असं इथले अमेरिकन लोकही म्हणतात, पण पचवताना सगळ्यात जास्त उष्णता तयार होते ती प्रथिनांची, मक्याची नाही. उन्हाळ्यात किडे आणि प्रथिनांचा खुराक वरून जास्तीचा देण्याआधी हे लक्षात ठेवावं.

पाणी तर सगळ्यात महत्त्वाचं. एरवी कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, कडक उन्हात त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. पण ती कोमट पाणी टाळते, आणि फिनिक्सला उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं, ते सरळ भांड्यात गेलं तर भांडं भरलेलं दिसतं आणि कोंबड्या तहानलेल्या राहतात. आधी पाइप रिकामा होऊ द्यायचा, भांडी सावलीत आणि एकापेक्षा जास्त ठेवायची, दुपारी त्यात बर्फ टाकायचा. शेजारी एका पसरट ट्रेमध्ये दोन बोटं पाणी ठेवलं की त्या त्यात पाय बुडवून उभ्या राहतात.

सावली शक्यतो झाडाची द्यायची. इथलं झाड म्हणजे मेस्किट, आपल्याकडे माळरानावर जी वेडी बाभूळ माजलीये तिच्या जवळच्या नात्यातलं. पत्र्याखाली सावली मिळते पण पत्रा स्वतः तापून खाली उष्णता फेकतो, झाड मात्र पानांतून पाणी सोडतं आणि तापत नाही. खुराडं चारी बाजूंनी जाळीचं हवं, जाळी जाड तारेची आणि बारीक भोकांची, कारण रात्री कोयोटी (कोल्ह्यासारखा प्राणी), बॉबकॅट (रानमांजर) आणि अंडी गिळणारे साप येतात. लाकडाच्या फटीत कोंबड्यांच्या गोचिडी लपतात आणि रात्री रक्त पितात, तेही बघत राहायचं. कोंबड्या विंचू खातात म्हणून त्या पाळतात असंही ऐकू येतं, खातात हे खरं, पण विंचू रात्री हिंडतो आणि कोंबडी रात्री झोपते, तेव्हा त्या आशेवर राहू नये.

रात्रीबद्दल एक महत्त्वाचं. दिवसभर साठलेली उष्णता कोंबडी रात्री सोडते, पण २०२३ च्या त्या जुलैत फिनिक्सला सलग १६ रात्री पारा ३२ च्या खाली उतरलाच नाही, शहरातला डांबर-सिमेंट रात्रभर तापलेला असतो. अशा वेळी बंद पेटीसारखं खुराडं जीवघेणं. खुडूक बसलेल्या कोंबडीची तर मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, ती गरम घरट्यात अंड्यांवरून हलत नाही, पाण्याला उठत नाही, तिला हाताने उचलून बाहेर काढावं लागतं.

जात निवडताना हलक्या अंगाची, मोठ्या तुऱ्याची घ्यावी. लेगहॉर्न छान, इजिप्तमधली फायूमी तर असल्याच हवेतली. ब्रह्मा मात्र नको, अंगाने जड आणि पायावरही पिसं, म्हणजे उष्णता सोडायची आणखी एक वाट झाकलेली. मानेला पिसंच नसलेली कोंबडी दिसायला कशीही वाटो, उन्हाळ्यात फार चांगली, तिच्या एका जनुकातल्या बदलामुळे मानेवर पिसं येत नाहीत आणि अंगभरची पिसंही कमी होतात, आईकडून आणि बापाकडून आलेल्या त्या जनुकाच्या दोन्ही प्रती तशा असतील तर साधारण ४० टक्क्यांनी. बरेलीजवळ इज्जतनगरला आपल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने याच गुणाची हितकारी नावाची कोंबडी तयार केली आहे. इस्रायलमध्ये संशोधक अविग्दोर काहानेर यांनी २००२ मध्ये अजिबात पिसं नसलेली कोंबडी दाखवली होती, पण पिसं ऊन आणि डासांपासून वाचवतात हेही विसरता येत नाही, परसात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला ती हवीतच.

एखादी कोंबडी पंख पसरून, मान टाकून बसली, तुरा फिका पडला, उठवून उठत नाही असं दिसलं तर वाट बघू नका. सावलीत न्या, बादलीत गार पाणी घ्या, बर्फाचं नको कारण रक्तवाहिन्या आकसतात, आणि तिला मानेच्या खालपर्यंत काही मिनिटं त्यात धरा, डोकं वर. पिसांच्या आत कातडीपर्यंत पाणी जायला हवं, वरवर शिंपडून भागत नाही. मग चोचीला पाणी लावून स्वतःहून पिऊ द्या, घशात ओतू नका, फुप्फुसात जातं. अशी उचललेली कोंबडी त्या दिवशी परत खुराड्यात सोडू नये, रात्रभर घरातच गार खोलीत ठेवावी.