घरगुती पाण्याची टाकी : अस्वच्छतेचे धोके (नागपूर)

नळाचे पाणी वापरण्यापूर्वी घरी साठवून ठेवण्याची सोय. नागपुरात ती बहुधा जोडीने असते : फाटकाजवळ जमिनीखाली सिमेंटचे टाके आणि स्लॅबवर काळी प्लास्टिकची टाकी. ही टाकी कोणत्याही कंपनीची असो, बोलण्यात तिला ‘सिंटेक्स’च म्हणतात. शहराला पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पाच्या नवेगाव खैरी धरणातून आणि कन्हान नदीतून मिळते. शुद्धीकरण केंद्रात गाळून, क्लोरिन देऊन ते सोडले जाते आणि मीटरपर्यंत त्यावर कोणाची तरी नजर असते. मीटरपासून स्वयंपाकघराच्या नळापर्यंतचे तीस-चाळीस फूट मात्र घरमालकाच्या भरवशावर. पाणी बिघडते ते पुष्कळदा एवढ्याच अंतरात.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावा लागतो. वाटेत शिरलेल्या जंतूंचा समाचार हा शिल्लक क्लोरिन घेतो. पण तो टिकाऊ नाही. ऊन आणि गाळ हे त्याचे दोन वैरी. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांवर गेला की दुपारी स्लॅबवरच्या टाकीचे पाणी हाताला चटका देते. अशा पाण्यातून क्लोरिन झपाट्याने उडतो. तळाशी बोटभर गाळ असला तर उरलेला तो खाऊन टाकतो. टाकीच्या आतल्या भिंतीवरून बोट फिरवले की जो बुळबुळीत थर लागतो, तो जंतूंनी स्वतःभोवती विणलेला असतो. त्याच्या आडोशाला राहिलेले जंतू साध्या मात्रेच्या क्लोरिनला दाद देत नाहीत. म्हणून घाणेरड्या टाकीत वरून औषध टाकून फारसे साधत नाही. आधी घासणे आले.

हे घरी पडताळून पाहता येते. ओटी टेस्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे दोन-चार थेंब टाकतात. क्लोरिन असेल तर पाणी पिवळे होते. मीटरजवळच्या नळाचे पाणी पिवळे झाले आणि स्वयंपाकघरातले कोरेच राहिले, तर दोष टाकीकडे येतो. नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवून चालत नाही. काविळीचे विषाणू असलेले पाणी काचेसारखे नितळ असू शकते.

जमिनीखालचे टाके जास्त धोक्याचे. दीड हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर बांधकाम झाल्यावर पुढे जी चिंचोळी जागा उरते, तिच्यातच टाके, गटाराचे चेंबर आणि कधी सेप्टिक टँक शेजारी शेजारी बसवतात. टाक्याच्या भिंतीला केसाएवढी भेग पडली तरी पावसाळ्यात भिजलेल्या जमिनीतून पाणी आत झिरपते. टाके भरलेले असताना ते बाहेर गळते, रिकामे होत आले की उलटे आत येते. त्यात टुल्लू पंपाची भर. हा पंप थेट नळाच्या लाइनवर लावला की पाइपातला दाब घटतो आणि जिथे सांधा ढिला असेल तिथून आसपासचे सांडपाणी ओढले जाते. एका घराच्या टुल्लूपायी अख्ख्या गल्लीत जुलाब होऊ शकतात. अशा पाण्यातून विषमज्वर, कॉलरा, आमांश आणि ‘अ’ व ‘ई’ प्रकारची कावीळ पसरते. ‘ई’ प्रकार गरोदर स्त्रीला शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतू शकतो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट या भागांत पाणी शिरले. अशा पुरानंतर लोक आधी फ्रीज, गाडी आणि सोफा पाहतात. जमिनीच्या पातळीला झाकण असलेले टाके मात्र पहिल्या तासातच नाल्याच्या पाण्याने भरलेले असते. ते पूर्ण उपसून, धुऊन, निर्जंतुक केल्याखेरीज त्यातले पाणी भांडी घासायलाही घेऊ नये.

स्लॅबवरच्या टाकीचे दुखणे वेगळे, ते झाकणाचे. वावधनात (वादळी वाऱ्यात) झाकण उडते, मग त्या जागी पत्र्याचा तुकडा आणि वर वीट येते. फटीतून पाल, कबुतराची पिसे आणि डास आत जातात. ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी लावायची असते हे तर प्लंबरही विसरतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ दिसणाऱ्या, साचलेल्या पाण्यावर वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. आठवड्यातून एकदा ‘कोरडा दिवस’ पाळताना भांडे नुसते पालथे घालून म्हणूनच भागत नाही, कडा घासावी लागते. नागपुरात यात कुलरची टाकीही धरायला हवी. जूनमध्ये पाऊस पडला की कुलर बंद होतो, आतले पाणी तसेच राहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ अशी हाळी देत मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, तेव्हा कितीतरी घरांच्या खिडकीला लागलेल्या कुलरमध्ये पीडा आरामात पोहत असते.

‘आमच्याकडे आरओ आहे’ हे उत्तर अपुरे आहे. दात घासणे, भाज्या धुणे आणि तान्ह्या बाळाची आंघोळ टाकीच्याच पाण्याने होते.

टाकी साधारण सहा महिन्यांतून एकदा धुवावी. उन्हाळा लागण्यापूर्वी आणि पावसाळा सरल्यावर हे दोन मुहूर्त सोयीचे. पाणी काढून गाळ उपसावा, भिंती ब्रशने घासाव्यात. मग हजार लिटर भरलेल्या टाकीत सुमारे १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर (सरकारी बोलीत ‘टीसीएल’) बादलीत कालवून, निवळी ओतावी, तासभर ठेवावी आणि ते पाणी सगळे नळ उघडून सोडून द्यावे. पिण्याच्या पाण्यासाठीची रोजची मात्रा फार कमी असते : हजार लिटरला ५ ग्रॅम आणि नंतर अर्धा तास थांबणे. बाथरूमचे ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र वापरू नये. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि टाक्यासारख्या बंद जागेत तो माणसाला बाहेर पडायला वेळ देत नाही.

जमिनीखालच्या टाक्यात उतरणे हा स्वतंत्र धोका आहे. बरेच दिवस बंद राहिलेल्या टाक्यात प्राणवायू घटतो, कुजलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. नव्या बांधकामाच्या टाक्यातले सेंट्रिंग काढतानाही मजूर दगावतात. विहिरीत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायूचे काही सांगते, विषारी वायूचे नाही. डिझेल-पेट्रोलचा पंप टाक्यात उतरवू नये. विजेचा पंप असेल तर आत जाण्याआधी स्विच बंद करून प्लग काढावा. झाकण काही तास उघडे ठेवून पंख्याने हवा खेळवावी, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधावा, वर दोघे असावेत. पहिला माणूस कोसळला की दुसरा त्याला काढायला उडी घेतो, आणि अशा अपघातांत बळी दोन-तीन होतात ते त्यामुळेच.

नागपुरात २०१२ पासून चोवीस तास पाणी देण्याची योजना राबवली जाऊ लागली. दिवसभर दाबाने पाणी येत असेल तर साठवायची गरजच उरत नाही, हा अशा योजनांचा एक हेतू असतो. तरी नव्या घराच्या नकाशात टाके अजून ठळकपणे काढले जाते. ‘उद्या नळ आला नाही तर?’ ही एका पिढीची धास्ती. गावच्या पाणीपुरवठ्याच्या उंच टाकीवर धुतल्याची तारीख रंगवलेली दिसते. घरच्या टाकीवर ती लिहिलेली सापडणे दुर्मीळ.