पिल्लांसाठी हाक की बोक्यासाठी?

रात्री दोन वाजता जिन्यात मांजर ओरडायला लागलं की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दहा मिनिटांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "बिचारी! पिल्लं नेली ना तिची, आई आहे हो शेवटी." दुसरा म्हणतो, "कसली आई, माजावर आलीय ती." (तिसराही एक आहे, त्याला मांजर रडणं हा अपशकुन वाटतो. त्याला मी उत्तर देणं सोडलंय.) दोघंही पांघरुणातून नुसता आवाज ऐकून निकाल देतात. खाली उतरून मांजरीकडे बघायला कुणी जात नाही.

माज कसा दिसतो, हे नसबंदीचं ऑपरेशन न केलेली भाटी, म्हणजे मादी मांजर, ज्यांनी एक वर्ष सांभाळली आहे त्यांना सांगायला नको. लोळणं, दाराच्या चौकटीला अंग घासणं, पुढून खाली वाकून मागचा भाग वर करणं, शेपूट एका बाजूला आणि मागचे पाय जागच्या जागी नाचवणं. आठवडाभर चालतं, बोका मिळाला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा सुरू. एवढं पुरे.

पिल्लांपासून तुटलेल्या मांजरीची हाक मात्र बहुतेकांनी लक्ष देऊन ऐकलेलीच नसते. दूध पाजायला बोलावताना ती तोंड जवळजवळ मिटून, घशातल्या घशात एक आखूड 'प्र्रू' काढते. पिल्लं जागेवर नसली की पहिली हाक अशीच असते. ओ आली नाही की हाक मोठी होते, तोंड उघडतं आणि मग ती लांबून माजाच्या ओरडण्यासारखीच वाटू लागते. गफलत होते ती इथे.

पण शोधणारी मांजर हाक मारून थांबते. कान पुढे, मग बाजूला, अंग स्तब्ध. ती ऐकत असते. पाच-दहा सेकंदांनी पुन्हा एक हाक आणि पुन्हा थांबणं. माजावरची भाटी कुणाचं ऐकायला थांबत नाही, ती सगळ्या गल्लीला एकदमच सांगत असते. फरक ओळखायचा तर आवाजाकडे नको, दोन आवाजांच्या मधल्या शांततेकडे लक्ष द्या.

ती शांतता आपल्याला रिकामी वाटते, तिला वाटत नाही. माणसाचे कान 20 किलोहर्ट्झपाशी हात टेकतात. मांजरीला 60 किलोहर्ट्झच्याही वरचं ऐकू येतं, आणि लहान पिल्लांच्या ओरडण्यातला काही भाग त्या वरच्या पट्टीतच असतो. म्हणून मांजर एखाद्या बंद शटरकडे टक लावून बसली तर "वेड लागलंय" म्हणण्याआधी शटर उघडून बघा.

दुसरी खूण पायांची. माजावरची मांजर बाहेरच्या दिशेला धावते: खिडकी, गॅलरी, दार. शोधणारी त्याच त्या तीन-चार जागा पुन्हा पुन्हा तपासते. खोकं, कपाटामागची फट, पोटमाळा, परत खोकं. खोक्यातलं फडकं हुंगते, त्यात बसते, उठते. काही जणी मोजा किंवा कापडी बाहुली तोंडात धरून खोक्यात आणून ठेवतात. हे पाहिलेला माणूस पुन्हा "माजावर आलीय" म्हणणार नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या पार्किंगमधली ठमी एका संध्याकाळपासून ओरडत होती. दुसऱ्या पक्षाने तिला दोनदा पाणी मारून हुसकावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वॉचमनकाका म्हणाले, "ताई, ही दर वेळी मीटरच्या खोलीपाशीच येऊन बसतेय." कुलूप काढलं तर आत तीन आठवड्यांची तीन पिल्लं. कुणीतरी झाडून घेऊन दार लावून गेलं होतं.

आता जे मला सगळ्यात जास्त छळतं ते. ही दोन्ही ओरडणी एकाच मांजरीची असू शकतात, आणि एकामागून एक येतात. पिल्लं अंगाला लागलेली असतात तोवर माज बहुधा दबून राहतो. (बहुधा! काही मांजरी पाजत असतानाच गाभण राहतात.) पिल्लं एकदम उचलली की पिणं थांबतं, आणि साधारण एक ते तीन आठवड्यांत माज येऊ शकतो. म्हणजे पहिले तीन-चार दिवस ती पिल्लांना शोधते, मग जरा गप्प होते, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी घर पुन्हा डोक्यावर घेते. घरचे म्हणतात, "बघा, अजून विसरली नाही," आणि दयेपोटी दार उघडतात. नऊ आठवड्यांनी त्याच खोक्यात नवी चार.

शोधाची तगमग बहुतेक मांजरींत काही दिवसांत ओसरते, क्वचित दोन आठवडे टिकते. मात्र "मांजर काय, दोन दिवसांत विसरतं" हे वाक्य मी बहुतेक वेळा महिन्याचं पिल्लू देऊन मोकळं होणाऱ्यांच्याच तोंडून ऐकलंय. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू देऊ नये, बारा झाले तर उत्तम. आणि सगळी एकाच रविवारी नकोत. एकेक करून, मध्ये काही दिवस सोडून द्या. त्याने मांजरीची घालमेल कमी होते आणि दूधही हळूहळू आटतं.

दुधाचं राहिलंच. अचानक तुटलेल्या मांजरीचे सड तटतात. पोटाखालून हळूच हात फिरवून बघा. एखादी बाजू दगडासारखी, गरम, लाल लागली, मांजर खात नसली किंवा मलूल पडली, तर ती दुःखात आहे म्हणून वाट बघत बसू नका. सडाला सूज आली असणार, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पिळून दूध काढू नका, काढाल तितकं ते पुन्हा भरतं. आणि घरातली तापाची गोळी तर मुळीच नको, पॅरासिटामॉलने मांजर मरते.

पिल्लं परत सापडली तर "माणसाचा हात लागला, आता आई घेणार नाही" म्हणणाऱ्यांना बाजूला करा. ठमीने तिन्ही पिल्लं माझ्या हातातूनच घेतली. फिनाईलने पुसलेलं खोकं मात्र देऊ नका, तो वास तिला नको असतो.

"एकदा तरी तिला आई होऊ दे, मग ऑपरेशन करू" असं म्हणणारे अजूनही भेटतात. त्याने मांजरीच्या तब्येतीचं काहीही भलं होत नाही. ज्यांच्याकडे पिल्लं झालीच आहेत त्यांनी पिल्लं सुटल्यावर दूध आटेपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, मांजर घरात ठेवावी, ती कितीही ओरडली तरी, आणि डॉक्टरांची तारीख आधीच घेऊन ठेवावी. माज नेमका याच दिवसांत गाठू शकतो.

ठमीचं ऑपरेशन दिवाळीआधीच झालं. परवा रात्री ग्रुपवर पुन्हा पक्ष पडले, "आई आहे हो" आणि "माजावर आलीय". टॉर्च घेऊन खाली गेले. बोका होता.